सात ओळींचा फळा

२६ नोव्हेंबर १९७७, घोटीचा बाजार. रक्कम सहाशे पंचवीस रुपये. हजर माणसं चार: गाय विकणारा डोंगरातला म्हातारा, मधला हेडी, घेणारे ते, म्हणजे माझे कचेरीतले थोरले मित्र, आणि पैसे मोजायला सोबत नेलेला मी.

हेडी म्हणजे गुरांच्या बाजारातला दलाल. त्याने खांद्यावरचा पंचा काढून यांच्या उजव्या हातावर टाकला, पंचाखाली स्वतःचा हात सारला आणि यांची बोटं धरली. गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. पंचाखाली बोटं दाबून बोलतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. बाजारातल्या शेंबड्या पोराला जे ठाऊक होतं, ते यांना ठाऊक नव्हतं.

"अहो, हे काय करताय?" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पलीकडचा बैलवाला वळून बघू लागला. "पाच धरलीत, परत एक धरलंत. मला बोटं पाचच आहेत हो!"

"हळू, मास्तर, हळू," हेडी कळवळला. "अख्ख्या बाजाराला ऐकवता का?"

"आधी मला तर कळू द्या. एका बोटाचे किती?"

आजूबाजूला हशा पिकला. हेड्याने कपाळाला हात लावला आणि एका बोटाचे शंभर, पेरावर दाबलं की पन्नास, चिमटा काढला की पंचवीस, असं सगळं त्यांच्या कानात सांगितलं. यांनी खिशातून वही काढून ते तिथेच लिहून घेतलं. मग पुन्हा पंचाखाली हात गेला आणि सहा बोटं, एक चिमटा यावर सौदा ठरला. ते कधी मास्तर नव्हते, पण त्या दिवसापासून मास्तर झाले.

मी पैसे दोनदा मोजून म्हाताऱ्याच्या हातात दिले. म्हाताऱ्याने ते कनवटीला लावले, गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्याची गुंडाळी करून खांद्यावर टाकली आणि निघाला. गाय मोकळी उभी.

"अहो बाबा, दावं?"

"दावं नाय देत," म्हातारा न थांबता म्हणाला. "गाय गेली तरी गोठ्याचं नशीब दाव्यात ऱ्हातं."

हेही वहीत गेलं. लिहून होईपर्यंत गाय मी माझ्या मफलरने धरून ठेवली होती, आणि ती मफलरची झालर खात होती. मग त्यांनी अंबाडीचं नवं दावं घेतलं. त्याला सव्वा रुपया पडला. मी वेगळ्या ओळीत लिहिला.

गाय डांगी होती. इगतपुरीकडच्या डोंगरात असते तशी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि हाताला तेलकट लागणारी कातडी. नाव बांडी. पायाशी तिचं दोन महिन्यांचं वासरू. टेम्पो ठरवावा असं मी सुचवलं. ते म्हणाले, "टेम्पोत घातली तर ती मला ओळखणार कशी? बरोबर चाललो तर ओळख होईल." मी एसटीने तासा-दीड तासात नाशकात पोचलो. ते आग्रा रोडने गाय-वासराबरोबर चालत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. पायांना फोड आले होते. मी विचारलं, ओळख झाली का? म्हणाले, "तिची झाली. माझी अजून व्हायची आहे."

आमच्या सरकारी कचेरीत ते आरेखक होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कालव्यांचे आणि गावांचे नकाशे काढले. मी हिशेबाच्या टेबलावर. माझ्यापेक्षा ते वीस वर्षांनी मोठे, तरी डबा आम्ही एकत्र खात असू. बावन्नाव्या वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, दिंडोरी रस्त्याला म्हसरूळच्या पुढे दीड एकर तुकडा घेतला आणि जाहीर केलं की आपण गुरं पाळणार. तोवर त्यांनी गाईला साधा हातसुद्धा लावला नव्हता.

का, असं विचारणाऱ्याला ते माणूस बघून उत्तर देत. डॉक्टरला सांगत, तब्येतीसाठी. नातेवाइकांना सांगत, धारोष्ण दुधासाठी. मला एकदा डबा खाताना म्हणाले होते, "अठ्ठावीस वर्षं नकाशात गायरान हिरव्या रंगाने भरलं. एकदाही तिथे जाऊन बघितलं नाही की कोण चरतं, काय खातं. हे बरोबर नाही." एवढंच खरं कारण असावं.

शिकायचं तर ते गुपचूप शिकले असते. तसं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तुकड्याच्या कडेलाच एसटीचा थांबा होता आणि थांब्याला चिंचेचं झाड. त्या झाडाला त्यांनी एक काळा फळा टांगला. आदल्या दिवशी गुरांविषयी जे नवं कळलं, ते रोज सकाळी सहाच्या आत त्या फळ्यावर लिहायचं. चूक झाली असेल तर तीही लिहायची, आणि ती कोणी दाखवली त्याचं नाव खाली घालायचं. आरेखकाचं अक्षर, छापल्यासारखं. "जे लिहायची लाज वाटते ते आधी लिहावं," असं ते म्हणत. दुसरं एक म्हणत: "मला येत नाही, एवढंच माझं भांडवल आहे."

पहिल्या आठवड्यातल्या काही ओळी माझ्या वहीत आहेत. 'गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. माझ्या गाईचे पडले असं समजून मी काल घाबरलो.' खाली नाव, थांब्यावरच्या पानवाल्याचं. 'गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, उठताना आधी मागचे पाय उचलते. घोडा उलटं करतो.' यावर दोन शेतकऱ्यांची पैज लागली आणि ते गोठ्यात येऊन गाय उठण्याची वाट बघत पाऊण तास बसले.

त्या फळ्यात माझा हात एवढाच, की ओळींचं मोजमाप मी केलं. सुरुवातीला ते बारीक अक्षरात पंधरा-सोळा ओळी लिहीत. लोक फळ्याला नाक लावून वाचत आणि तेवढ्यात एसटी सुटे. मी एका रविवारी टेप घेऊन गेलो. एसटीच्या खिडकीपासून फळा बावीस फुटांवर. तिथून वाचता यायला अक्षर किती मोठं हवं ते लिहून-पुसून बघितलं. फळ्याची उंची भागिले अक्षर, अधिक मधली जागा. उत्तर आलं सात ओळी. त्या दिवसापासून सात ओळींचा नियम झाला. आठवी ओळ आली की मी म्हणायचो, "उद्या लिहा." मला त्या नियमाचा अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे. कंडक्टर बस थांबवून मोठ्याने वाचून दाखवायला लागले, ते माझ्या सात ओळींमुळे, असं मी घरीही सांगत असे.

बांडी पहिले चार दिवस दूधच देईना. वासरू लावलं की कास भरून यायची, वासरू ओढून यांनी हात लावला की पान्हा चोरायची. पाचव्या दिवशी ते एसटी बदलत, पुढे चालत त्या डोंगरातल्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. म्हातारीने ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "तिची धार मीच काढीत होते. तिला लुगडं लागतं, बाबा. धोतर नाय चालत."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पत्नीचं जुनं लुगडं डोक्यावरून पांघरून धारेला बसले. अर्धा शेर दूध निघालं. सहा वाजता ते सगळं फळ्यावर. वहिनी थांब्यावर आल्या, वाचलं आणि म्हणाल्या, "लुगडं माझं आहे, एवढं तरी लिहायचं. एरवी दाताचं लिहिता, पानवाल्याचं नाव घालता." त्यांनी खाली वहिनींचं नाव घातलं. ती सातवी ओळ होती, बसली.

बोटांची भाषाही त्यांनी सोडली नाही. घोटीला शिकलेलं सगळं फळ्यावर मांडलं: बोट शंभर, पेर पन्नास, चिमटा पंचवीस. खाली गाईची किंमत आणि सव्वा रुपयाचं दावं. महिन्याभराने तोच हेडी सायकलवरून आला.

"मास्तर, आमचं पोट त्या पंचाखाली हाय. तुम्ही पंचाच उचलून ठेवलात की."

"मी जे शिकलो ते लिहिलं."

"मग आमचं बी लिवा. लोकांपुढं भाव बोलला तर ज्याला कमी मिळाला त्याची आब जाते. पंचा दलालासाठी नाय, आबेसाठी हाय."

हे त्यांना फार आवडलं. चहा पाजला, आणि दुसऱ्या सकाळी फळ्यावर तेच, हेड्याच्या नावासकट. हेडी पुढे दर महिन्याला यायला लागला. वाचायला येत नसे, म्हणून मला वाचायला लावी आणि आपलं नाव दोनदा वाचून घेई.

तीन वर्षांत एकीच्या चार गाई झाल्या. थांब्यावर आता वाचणाऱ्यांचा ठरावीक घोळका असे. त्यात एक बाई होत्या, तिशीच्या आतबाहेर. माहेर मालेगावचं, वडील यंत्रमागावर कामाला. नवरा सातपूरला कारखान्यात, म्हणून या जवळच्या वस्तीवर राहायला आलेल्या. वस्तीवर सगळे त्यांना मालेगाववाली म्हणत. समाजमंदिरात रात्री प्रौढांचा वर्ग चाले, तिथे त्या अक्षरं शिकल्या. मास्तरांना त्या एकदा म्हणाल्या, "जयभीम, बाबा. एसटीच्या पाटीनंतर मी आयुष्यात पयलं वाचलं ते तुमचं. गाईचे दात."

"दात नसतात, ते," मास्तर म्हणाले.

"तेच. वाचलं आन् घरी जाऊन शेजारणीच्या गाईचं तोंड उघडून बघितलं. खरंच नव्हते! तवा मला वाटलं, मंग बाकीचं लिवलेलं बी खरं असंल."

फळा वाचूनच त्यांनी गाय घेतली. गुरांचा अनुभव त्यांनाही शून्य. मास्तरांना हे इतकं भारी वाटलं की तो अख्खा आठवडा ते शीळ घालत होते. बाई रोज सकाळी थांब्यावर येत आणि वाचता न येणाऱ्या बायकांना बोट फिरवत सातही ओळी वाचून दाखवत. अडखळल्या तर मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत.

आता १९८१चा श्रावण. पाऊस तीन आठवडे ओढला होता. रविवारी जनावरांचे डॉक्टर बांडीला बघायला आले. गोठ्यात आल्यापासून ती दुसऱ्यांदा गाभण होती आणि दिवस भरले होते. डॉक्टरांनी चाऱ्याविषयी बरंच सांगितलं. मास्तरांनी विचारलं, मी लिहून घेतलं. रात्री मी तिथेच राहिलो आणि सोमवारी पहाटे आम्ही फळ्यापाशी गेलो. लिहिता लिहिता सातवी ओळ आली: 'दुधाच्या गाईला हिरवा चारा जितका कोवळा तितका सकस.' डॉक्टरांनी याच्या पुढे सांगितलं होतं की कोवळं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, तेवढी द्यायची नाही. पावसाने ओढ दिलेली असेल तर ती विषासारखी असते.

"हे राहिलं," मास्तर खडू धरून म्हणाले.

"आठवी ओळ होते," मी म्हणालो. "उद्या लिहा."

त्यांनी क्षणभर फळ्याकडे बघितलं आणि खडू खिशात टाकला.

मंगळवारी पहाटे बांडी व्याली. कालवड झाली. फळ्यावर सातही ओळी त्याच आनंदाच्या. मला चिकाची कासंडी मिळाली. घरी खरवस झाला, मुलांनी ताटल्या चाटल्या, आणि मी भांड्यात मूठभर तांदूळ घालून ते परत पाठवलं. दुधाचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. हे सगळं मला लक्षात राहिलं. आठवी ओळ राहिली नाही. त्यांच्याही नाही.

बुधवारी सकाळी मालेगाववालीची गाय मेली.

बाईंनी मंगळवारी संध्याकाळीच बांधावरचं कडवळ कापून आणलं होतं, गुडघ्याएवढं. शेजारच्या म्हातारीने हटकलं होतं: "कोवळं कडवळ घालू नको गं, लागतं ते गुरांना." बाई म्हणाल्या होत्या, "आजी, मी वाचलंय. जितकं कोवळं तितकं चांगलं. फळ्यावर हाय." सकाळी गाईने ते खाल्लं. थोड्याच वेळात ती थरथरली, पडली, तोंडाला फेस आला. डॉक्टर स्कूटरवर पोचले तेव्हा पाय ताठ झाले होते.

कचेरीआधी कालवड बघायला मी सायकलने निघालो होतो. थांब्यावर गर्दी दिसली म्हणून सायकलवरून उतरलो. गर्दीत बोलणं चाललं होतं. "सांगणाऱ्या म्हातारीचं ऐकलं नाय, वाचलेलं ऐकलं." "आणखी शिक म्हणावं. आज गाय गेली, उद्या घर जाईल." बाई चिंचेखाली उभ्या होत्या. रडत नव्हत्या. कोऱ्या फळ्याकडे बघत होत्या. कालवडीच्या धावपळीत मास्तरांनी त्या दिवशी जुनं नुसतं पुसलं होतं, काही लिहिलंच नव्हतं.

मास्तर गोठ्यातून आले. त्यांच्या हातात खडू होता. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की वाक्य खोटं नव्हतं, अपुरं होतं. शिवाय फळा म्हणजे काही सरकारी हुकूम नव्हे. मी तसं बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "आणि थांबवलं मी. माझं नाव घाला."

"फळा माझ्या जागेत आहे," ते म्हणाले. "खडू माझा आहे."

ते बाईंकडे गेले. "ताई, मला हे लिहायचं आहे. तुमचं नाव घालू का? नको म्हणालात तर नाही घालणार."

बाई म्हणाल्या, "लोक आता मला वाचणारी म्हणून हसत्यात. नाव घाला. पुरं घाला." मग हात पुढे करून म्हणाल्या, "नायतर थांबा. खडू द्या इकडं."

पहिली ओळ बाईंनी स्वतः लिहिली. नुसतं नाव, पण पुरं: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. अक्षर एक खाली एक वर. खालच्या सहा ओळी मास्तरांनी लिहिल्या. माझ्या वहीत त्या अशा आहेत: 'यांची गाय आज मेली. सोमवारी मी इथे लिहिलं ते यांनी वाचलं व तसंच केलं. वाचण्यात चूक नव्हती. लिहिण्यात होती. कोवळं कडवळ गुरांना विष आहे, हे मी लिहिलं नाही. शेजारच्या आजींचं बरोबर होतं.'

कोणी मोठ्याने वाचेना. तेव्हा बाईंनीच वाचून दाखवलं, बोट फिरवत, न अडखळता. म्हातारी घोळक्यात होती. ती म्हणाली, "माझं नाव नाय घातलं?" मास्तरांनी विचारून घेतलं आणि कडेला उभं लिहिलं. नियम मोडून आठवी ओळ.

आता राहिली गाय. मास्तरांनी बांडी आणून चिंचेजवळच्या खुंटाला बांधली आणि म्हणाले, ही घेऊन जा. नुकती व्यालेली, चढतं दूध असलेली, गोठ्यातली पहिली गाय. बाईंनी साफ नकार दिला. "दान नको. मला दान घेतलेली गाय दारात नको. विकत द्या."

"मग विकत घ्या."

"भाव सांगा."

मास्तरांनी चारही बाजूंना बघितलं. तीस-चाळीस माणसं होती, आणि एव्हाना सगळ्यांना फळ्याची सवय होती: जे होईल ते उद्या लिहिलेलं दिसणार. हेडी नेमका त्या दिवशी आलेला होता. मास्तरांनी त्याच्यापुढे हात केला. "पंचा द्या."

हेड्याने पंचा दिला. मास्तरांनी तो आपल्या आणि बाईंच्या हातांवर टाकला. बोटांची भाषा फळ्यावरून सगळ्या थांब्याला पाठ होती, पण पंचाखालचं दिसणार कसं? बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग मास्तरांनी नकाराची मान हलवली. डावा हात मागे करून खुंटाला बांधलेल्या बांडीचं काही चाचपलं. पुन्हा पंचाखाली काहीतरी झालं. आणि बाई एकदम हसल्या. त्या सकाळपासून पहिल्यांदा. कमरेची पिशवी सोडून मूठ पंचाखाली गेली, मास्तरांची मूठ बाहेर आली आणि खिशात गेली.

"मिळाले," मास्तर म्हणाले. "गाय यांची. कालवड पोटाला पिते आहे, ती आईबरोबर."

मी हळूच विचारलं, "किती?"

"तुम्ही हिशेबातले. तुम्हाला कळायलाच हवं असं काही आहे का?"

हवं होतं. चार वर्षांत त्या गोठ्यातला पेंडेचा आणासुद्धा माझ्या वहीत होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं आलं: 'बांडी विकली. किंमत ठरली. मिळाली.' आकडा नाही. त्या फळ्यावरचा आकडा नसलेला तो एकच व्यवहार. मी अंदाज केले. दोनशे? बाईंकडे तेवढे असतील? हप्ते? वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही सांगत नाहीत. लुगड्याचं मात्र गावभर सांगितलं." हेड्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, पंचाखालचं विचारायचं नसतं. तुम्हीच तर वाचून दाखवलं होतं मला."

मास्तर पुढे आणखी साडेचार वर्षं लिहीत होते. रोज सहाच्या आत, सात ओळी. पण त्या बुधवारनंतर एक फरक झाला: लिहून झालं की ते पाच मिनिटं फळ्यापुढे उभे राहत आणि काय राहिलं ते मोजत. बाई आल्या की त्यांना आधी वाचायला लावत. बाईंनी मान डोलवली तर फळा तसाच, नाहीतर पुसून पुन्हा. १९८६च्या फेब्रुवारीत ते गेले, झोपेत. आदल्या सकाळची शेवटची ओळ होती: 'गाय उभ्याउभ्या पेंगते, पण स्वप्न बसूनच बघते असं वाटतं. खात्री नाही.'

वहिनी मुलाकडे गेल्या. गाई वस्तीवरच्या लोकांनी विकत घेतल्या. फळा उन्हापावसात पांढरा पडला आणि एका कडेने उकलला.

पावसाळ्याआधी एकदा मी थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. बाई दुधाची किटली घेऊन आल्या. आता त्यांच्याकडे तीन गाई होत्या, तिन्ही बांडीच्या वंशातल्या. आम्ही दोघंच होतो. मी सांगून टाकलं: ती ओळ मास्तरांनी विसरून सोडली नव्हती, मी थांबवली होती, आठवी होते म्हणून.

बाई किटलीवर झाकण दाबत म्हणाल्या, "हे सांगायला पाच वरसं लागली व्हय, भाऊसाहेब?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"फळ्यावर टेप लावून ओळी कोण मोजायचं, ते सगळ्या थांब्याला ठाऊक होतं. आठवी आली की 'उद्या लिहा'. पोरं खेळताना तुमची नक्कल करायची." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असावं, कारण आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्ही एक सांगितलं, मी एक सांगते. गाईचा भाव."

मी पिशवीतून वही काढली. त्या हसल्या, पण सांगितलं.

"मी दोन बोटं धरली. दोनशे होते घरात. बाबांनी माझी बोटं मिटवली. मी परत धरली, परत मिटवली. मला राग आला, म्हटलं हे दानच करत्यात. तेवढ्यात पंचाखाली माझ्या मुठीत दाव्याचं टोक दिलं. म्हंजे मी दावं घ्यायचं. आन् दाव्याचा भाव तर फळ्यावर वाचलेला होता मी."

"सव्वा रुपया."

"सव्वा रुपया. रोख दिला. दान नाय घेतलं." किटली उचलत त्या म्हणाल्या, "मागनं मी म्हटलं त्यांना, बाबा, विकणारा दावं ठेवून घेतो, तुम्ही उलटं केलं. तर म्हणाले, मी गाय विकलीच नाय. दावं विकलं. त्याला गाय बांधलेली होती, त्याला मी काय करू?"

मी १९८१च्या पानावरची मोकळी जागा शोधली आणि आकडा लिहिला. शाई वेगळी दिसते. एसटी येत होती. बाई त्या उकललेल्या फळ्याकडे बघत होत्या.

"लिवायला मी लिवीन," त्या म्हणाल्या. "पण ह्याच्यावर नाय भागायचं."

पुढच्या रविवारी मी टेप घेऊन गेलो. चिंचेच्या फांदीखाली जागा होती. नवा फळा जुन्यापेक्षा दीड हात उंच झाला. लाकूड, काळा रंग आणि मजुरी मिळून म्हसरूळच्या सुताराला एकशे दहा रुपये दिले, आणि टांगायला अंबाडीची दोरी बाईंनी आणली, तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.